मेलेला व्हँडर, उठवलेला वॉरविक: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

'आर्केन' या ॲनिमेशन मालिकेतल्या वॉरविकवर मी जे लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली. राग आला. संध्याकाळी परत वाचली तेव्हा त्यातलं निम्मं पटलं, आणि उरलेल्या निम्म्यावर भांडावंसं वाटलं. म्हणून 'मताचा आदर आहे' म्हणून सटकत नाही, सविस्तरच लिहिते. ज्यांनी दोन्ही सीझन पाहिलेले नाहीत त्यांनी इथेच थांबावं. पुढे सगळंच फोडलेलं आहे.

आधी तुमचं म्हणणं मला कळलं तसं मांडते. एक: पहिल्या सीझनच्या तिसऱ्या भागात व्हँडर, वाय आणि जिंक्स या दोन बहिणींचा मानलेला बाप, मेला, तो मृत्यू मालिकेतला सगळ्यात घट्ट प्रसंग होता, आणि दुसऱ्या सीझनमध्ये त्याला वॉरविक नावाचा लांडग्यासारखा प्राणी म्हणून उठवून लेखकांनी त्या मृत्यूची माती केली. दोन: पाठीतल्या नळ्या, धातू, रसायनं ही निव्वळ सजावट आहे. गेममधलं पात्र तसं दिसतं म्हणून ते तसं काढलं, आणि मी त्यात नसलेलं तत्त्वज्ञान शोधत बसले. तीन: शेवटच्या भागात त्याचं जे केलं ते पाहता माझा हळवेपणा वाया गेलेला आहे. 'तुम्ही एका कळसूत्री बाहुलीसाठी रडलात', हे तुमचं वाक्य. चांगलं आहे, लागलं.

गेमचं आधी उरकते. ज्यावरून मालिका निघाली तो 'लीग ऑफ लेजेंड्स' २००९ साली आला आणि वॉरविक त्यातला अगदी सुरुवातीच्या पात्रांपैकी. २०१७ साली त्याला नव्याने घडवलं, तेव्हापासून तो आज दिसतो तसा दिसतो. त्यामुळे हे रूप आयतं आलं, हे तुमचं म्हणणं बरोबरच आहे. पण गेममधली त्याची ओळख वाचली आहेत का? त्याच्या शरीरात पंप आणि कप्पे बसवलेत आणि ते त्याच्या नसांमध्ये संताप भरत राहतात, अशा अर्थाचं तिथे आहे. राग त्याचा स्वतःचा नाही, तो बाहेरून भरला जातो. सजावट म्हणून सुचलेली ही कल्पना नव्हे. मालिकेने ती उचलली आणि तिला एक मालक दिला, व्हँडरच्या देहावर प्रयोग करणारा शास्त्रज्ञ सिंज्ड.

आता तुमचा दुसरा मुद्दा, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

पहिल्या सीझनचा पहिला भाग, अगदी सुरुवातीची दोन-तीन मिनिटं आठवा. पुलावर धूर आहे, आग आहे, बंड चिरडलं गेलंय. दोन लहान मुली, वाय आणि जिंक्स, प्रेतांमधून आईबापाला शोधत चालल्यात. व्हँडर एका शिपायाला ठोसे मारतोय, हातात लोखंडी पंजे, म्हणजे ते भलेथोरले हातमोजे. मग त्याला या मुली दिसतात, त्यांची मेलेली आई दिसते. तो हातमोजे काढतो आणि खाली टाकतो. दोघींना उघड्या हातांनी उचलतो आणि चालू लागतो. संवाद जवळजवळ नाहीच. या माणसाबद्दल जे काही कळायला हवं ते त्या लोखंडाच्या खाली पडण्यातून कळतं: याच्या हातात यंत्र होतं, आणि ते काढून ठेवण्याचा निर्णय याचा होता.

आता दुसऱ्या सीझनमधला तोच माणूस बघा. पंजा आहे, धातू आहे, ताकद त्या हातमोज्यांच्या कितीतरी पट. फक्त काढून ठेवायची सोय नाही.

मला यंत्राबद्दल एवढंच म्हणायचं होतं, आणि मूळ लेखात मी ते नीट म्हटलं नाही, तिथे तुमची तक्रार रास्त आहे. मी 'माणूस आणि यंत्र यांची सीमारेषा' वगैरे शब्द वापरले. ते आता वाचताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. या मालिकेत ती सीमारेषा कुणालाच फारशी अडवत नाही. व्हिक्टर या शास्त्रज्ञाच्या पायाला आधाराची पट्टी आहे. जिंक्सचं बोट तुटतं तर ती धातूचं लावते. सेविकाचा (या नावाला आपल्याकडे वाचताना दरवेळी गंमत वाटते, कारण बाई कुणाचीही सेवा हसतमुखाने करणाऱ्यातली नाही) स्फोटात गेलेला हात यांत्रिक आहे, आणि दुसऱ्या सीझनमध्ये जिंक्स तिला नवा बनवून देते तो तर जुगाराच्या मशीनसारखा, चक्रं फिरणारा. त्या हाताची कुणाला कीव येत नाही. तो सेविकाचा आहे, ती तो वापरते, त्याच्यावर खूश आहे.

वॉरविकच्या पाठीतली नळी वॉरविकची नाही. ती सिंज्डची आहे. फरक धातू किती आणि मांस किती यात नाहीये, ते बसवणाऱ्याने विचारलं होतं का, यात आहे.

'सायबॉर्ग', म्हणजे शरीरात यंत्र जोडलेला जीव, हा शब्द १९६० साली आला. मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन यांनी अंतराळप्रवासावरच्या एका लेखात तो वापरला. त्यांचं म्हणणं मोठं उमदं होतं: अंतराळात जिवंत राहण्यासाठी माणसाला सतत यंत्रांवर लक्ष ठेवत बसावं लागलं तर तो यंत्रांचा गुलाम होईल. त्यापेक्षा शरीरातच अशी सोय करा की सगळं आपोआप चालेल आणि माणूस शोध घ्यायला, विचार करायला, अनुभवायला मोकळा राहील. म्हणजे यंत्र जोडायचं ते मोकळं होण्यासाठी. आणि त्या लेखात नमुना म्हणून जो जीव दाखवला होता तो होता एक पांढरा उंदीर. त्याच्या कातडीखाली एक छोटा पंप बसवलेला, हळूहळू रसायन सोडत राहणारा. लेखात माणसाचं स्वातंत्र्य आणि चित्रात उंदीर! वॉरविककडे बघताना मला हटकून तो उंदीर आठवतो. मोकळं कोण झालं? पंप बसवणारा.

सिंज्डचं हे पहिल्यापासून चालू आहे, हेही दाखवते, म्हणजे 'अचानक घुसवलं' या तुमच्या आरोपाला उत्तर मिळेल. पहिल्या सीझनमध्ये व्हिक्टरच्या लहानपणाचा एक प्रसंग आहे. पायाने अधू, एकटा पोरगा, हाताने बनवलेली बोट पाण्यात सोडतो आणि तिच्यामागे जाता जाता सिंज्डच्या गुहेत पोचतो. तिथे रिओ नावाचा एक मोठा, गुलाबीसर, मऊ प्राणी आहे. पोराला तो आवडतो. सिंज्ड त्याला मदतनीस करून घेतो. रिओ आजारी आहे, मरायला टेकलाय, आणि सिंज्डला तो जगायला हवाय. रिओसाठी नव्हे, त्याच्यातला बदल टिकला पाहिजे म्हणून. नंतर पोराला दिसतं की हा प्राणी वेदनेत जगवला जातोय, आणि तो तिथून पळतो.

व्हँडरचं काय होणार हे त्या प्रसंगात लिहून ठेवलेलं आहे. सिंज्डला मरण मान्यच नाही. दुसऱ्या सीझनमध्ये कळतं की त्याची मुलगी जपून ठेवलेली आहे, आणि सगळी खटपट तिला उठवण्यासाठी चाललीय. म्हणजे एका बापाला दुसऱ्याच्या बापावर प्रयोग करून स्वतःची मुलगी परत हवीय. बिचारा दुष्टसुद्धा नाही धड. तो दुष्ट असता तर मला सोपं गेलं असतं.

आता तुमचा पहिला मुद्दा, मृत्यूची माती. हा मला सगळ्यात जड गेला.

साधारण नियम तुमच्या बाजूने आहे. फँटसीमध्ये मेलेलं पात्र परत आलं की पुढच्या प्रत्येक मरणावर प्रेक्षक 'बघू, येईल' म्हणून चहाटळपणे बसतो. मीही बसते. पण माझा प्रश्न असा आहे की व्हँडर परत आला का? १८०३ च्या जानेवारीत लंडनमध्ये जोव्हान्नी आल्दिनी नावाच्या शास्त्रज्ञाने फाशी गेलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या प्रेताला विजेच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला. बघणाऱ्यांतल्या काहींना वाटलं, हा उठतोय. फॉर्स्टरच्या बाजूने पाहिलं तर काहीही घडलेलं नव्हतं. त्याचा खुनाचा खटला संपला होता, तो गेला होता. घडत होतं ते आल्दिनीचं आणि बघ्यांचं.

वॉरविकमध्ये याहून क्रूर गोष्ट आहे: आत थोडासा व्हँडर खरोखर शिल्लक आहे. स्टिलवॉटरच्या तुरुंगात तो माणसं फाडत येतो आणि जिंक्स त्याला ओळखते. पाचव्या भागात खाणीत दोघी बहिणी त्याच्यासमोर उभ्या राहतात आणि तो थांबतो, दोघींना जवळ घेतो. तुम्ही म्हणता तसा मृत्यू पुसला गेला असता तर इथे आनंद व्हायला हवा होता. मला त्या मिठीत आनंदापेक्षा धास्ती जास्त वाटली. कारण त्याचं भानावर येणं त्याच्या हातात नाही. पंप कधी सुरू होईल, रक्ताचा वास कधी येईल, ते त्याला ठरवता येत नाही. पुढे व्हिक्टरच्या वस्तीत त्याला बरं करायचा प्रयत्न होतो, व्हिक्टरचा जुना सहकारी जेस येऊन त्याच्यावर हल्ला करतो आणि सगळं हातातून निसटतं. मग ईशा, ती एक शब्दही न बोलणारी पोर, जीव देते. पहिल्या मृत्यूने दोन मुली अनाथ केल्या होत्या. या परत येण्याने आणखी एक मूल गेलं. किंमत पुसली कुठे? वाढली.

आणि एक गोष्ट मूळ लेखात मी सांगायला कचरले होते. दोघी बहिणीसुद्धा त्याला विचारत नाहीत. प्रेमाने, पण विचारत नाहीत. सिंज्डला तो प्रयोगासाठी हवा, व्हिक्टरला स्वतःच्या शांततेच्या स्वप्नासाठी, आणि पोरींना बाप म्हणून. शेवटच्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही, मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. तरी त्या शरीराला काय हवंय हे कुणीच विचारत नाही, आणि त्याला सांगता येत नाही, कारण त्याच्याकडे गुरगुरणं उरलंय. ज्या माणसाने सिल्कोला, एकेकाळच्या साथीदाराला आणि नंतरच्या शत्रूला, माफीचं पत्र लिहिलं, तो आता एक वाक्य बोलू शकत नाही. तेही पत्र सिल्कोपर्यंत कधी पोचलं नव्हतंच.

सातव्या भागाचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत. त्या दुसऱ्या जगात व्हँडर आणि सिल्को दोघं जिवंत, म्हातारे होत आलेले, एकाच दारूच्या गुत्त्यात, भांडण मिटवून. तिथे त्याच्या अंगात एकही नळी नाही. लेखकांना मृत्यूची पर्वा नसती तर हा भाग त्यांनी वॉरविकच्या कथेच्या मधोमध ठेवला नसता. आधीच्या भागात तो हाताबाहेर गेलेला पाहिला, आणि लगेच पुढच्या भागात तो ग्लास पुसत उभा असलेला माणूस. मला त्या भागानंतर थोडा वेळ टीव्ही बंद करावा लागला.

आता तिसरा मुद्दा, शेवटचा भाग. इथे मी हरले.

शेवटच्या लढाईत तो येतो तेव्हा त्याच्यावर व्हिक्टरची सत्ता आहे, अंगावर धातू आणखी चढलाय, चेहरा वाचता येत नाही. कल्पना म्हणून ती माझ्याच बाजूची आहे: मालक बदलला, यंत्र वाढलं, माणूस संपला. पण पडद्यावर ती धावपळीत निघून जाते. वाय आणि त्याची गाठ पडते, जिंक्स मध्ये उडी घेते, त्याला घेऊन खाली कोसळते, स्फोट. त्या वेळी मी जिंक्ससाठी श्वास रोखला होता. व्हँडरसाठी नाही. ज्या पात्रावर तीन भाग इतक्या निगुतीने खर्च केले, त्याच्या दुसऱ्या मरणाला स्वतःचं एक मिनिटही मिळालं नाही. मालिका बनवणाऱ्या फोर्टिश स्टुडिओच्या ॲनिमेटर लोकांनी खाणीत त्याच्या नुसत्या खांद्यांतून जेवढं सांगितलं होतं, तेवढं इथे सगळ्या देहातून आलं नाही. बाहुली म्हणालात, त्या भागापुरतं मान्य. आधीच्या भागांपुरतं नाही.

बाकी 'गेम न खेळता लिहिता' हा टोमणा होता, तर थोडा खेळलेय आणि फार वाईट खेळते. गेममध्ये वॉरविकला जखमी शत्रूचा माग लागतो आणि तो त्याच्याकडे वेगाने धावतो. खेळताना त्याची मजा येते. मालिका पाहिल्यावर परत खेळायला बसले तेव्हा पहिल्यांदाच वाटलं की बटण मी दाबतेय. ते पात्र त्यानंतर मी निवडलेलं नाही, पण हे तुमच्यावर लादत नाही.

एक विनंती आहे, वेळ असेल तर. पहिल्या सीझनमधला पूल आणि दुसऱ्या सीझनमधली खाण, दोन्ही लागोपाठ लावून बघा, आवाज बंद करून. चेहऱ्याकडे बघू नका, त्याच्या हातांकडे बघा. दोन्हीकडे त्याच दोन मुली आहेत. त्यानंतरही ती सजावट वाटली तर इथेच खाली लिहा, पुढचं भांडण तिथून सुरू करू.