जिंकलात तेव्हा मशीन बरं होतं का?

हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की फोनवर ईव्हीएमचा विषय निघाला की पुढचं मला पाठ असतं. परवा मावसभावाने तेच ऐकवलं, वर "तू बर्लिनमध्ये बसून आम्हाला लोकशाही शिकवू नकोस, तुला काय पडलंय" हेही. दादा वयाने मोठा, म्हणून फोनवर जास्त बोललो नाही, पण डोक्यातून जातच नाहीये.

मशीन हॅक झालं असं मी म्हणतच नाहीये. माझ्याकडे तसा पुरावा नाही, आणि जे ठामपणे म्हणतात त्यांनीही कोर्टात टिकेल असं काही दिलेलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की जो हरला त्याला आणि त्याच्या मतदाराला, कुठल्याही इंजिनिअरच्या शब्दावर विसंबून न राहता, आपण खरंच हरलो हे डोळ्यांनी बघून पटवून घेता आलं पाहिजे. यात कोण कधी जिंकलं याचा संबंध येतो कुठे?

मारकडवाडीचंच घ्या. २०२४ च्या विधानसभेनंतर माळशिरस तालुक्यातल्या या गावाला मशीनमधले स्वतःच्या गावाचे आकडे पटले नाहीत, म्हणून लोकांनी ३ डिसेंबरला बॅलेट पेपरवर आपलं आपण चाचणी मतदान घ्यायचं ठरवलं. आणि त्या मतदारसंघात त्यांच्या बाजूचे उत्तमराव जानकर निवडून आले होते! म्हणजे जिंकलेल्या बाजूचे लोक शंका विचारत होते, दादा, तुझं वाक्य तिथे लागूच पडत नाही. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान झालं नाही, नंतर गुन्हे दाखल झाले. असल्या मतदानाला कायद्यात काही किंमत नसते हे मला मान्य आहे. पण त्या लोकांची शंका फिटली का? नाही फिटली, दाबली गेली, आणि दाबलेली शंका पुढच्या निवडणुकीत दुप्पट होऊन येते.

इथे जर्मनीत २००५ च्या बुंडेस्टाग म्हणजे संसदेच्या निवडणुकीत साधारण २० लाख मतदारांनी नेडॅप कंपनीच्या मशीनवर मत दिलं. एका बापलेकाने आक्षेप घेतला, प्रकरण कार्ल्सरूहच्या घटनात्मक कोर्टात गेलं आणि ३ मार्च २००९ ला निकाल आला. कोर्टाने कोणी फसवणूक केली असं म्हटलं नाही, निवडणूक रद्द केली नाही, मशीनवर कायमची बंदीही घातली नाही. एवढंच सांगितलं की मतदान आणि मोजणीतले महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला खास तांत्रिक ज्ञानाशिवाय तपासता आले पाहिजेत, आणि ही मशीन त्यात बसत नाहीत. तेव्हापासून इथे कागद आणि पेन. त्या बापलेकाला "तुम्ही कोणत्या पक्षाचे" हे कोर्टाने विचारलं नाही. मला या देशाच्या शंभर गोष्टी खटकतात, पण ही एक गोष्ट आपल्यापेक्षा पुढची आहे आणि ते म्हणायला मी लाजणार नाही.

२३ फेब्रुवारी २०२५ ला संध्याकाळी सहाला बुंडेस्टागचं मतदान संपलं तेव्हा मी जवळच्या शाळेच्या टर्नहालेमध्ये, म्हणजे व्यायामाच्या हॉलमध्ये, मोजणी बघायला गेलो. कोणीही जाऊ शकतं, पासपोर्ट कुठला ते विचारत नाहीत, फक्त हात लावायचा नाही आणि मध्ये बोलायचं नाही. जोडून ठेवलेल्या टेबलांवर पेटी उलटी केली, आधी नुसते कागद मोजले आणि यादीतल्या खुणांशी जुळवले, मग गठ्ठे पाडायला सुरुवात झाली. एका मतपत्रिकेवर फुली दोन चौकोनांच्या मधोमध पडली होती. प्रमुख बाईंनी ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली, बाकीच्यांची मतं घेतली, निर्णय कागदाच्या मागे लिहिला आणि ती वेगळी ठेवली. मी दहा फुटांवर उभा राहून सगळं बघितलं आणि मला सगळं समजलं. कंप्युटरमधलं ओ की ठो न कळणाऱ्या माणसालाही ते समजलं असतं.

आता दादा म्हणेल की इथेही गोंधळ होतातच की. होतात. २०२१ मध्ये बर्लिनमध्येच मतपत्रिका संपल्या होत्या, चुकीच्या पोचल्या होत्या, रांगा संपत नव्हत्या. पण कोर्टाने बर्लिनची निवडणूक रद्द केली आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ती परत घ्यावी लागली. आणि २०२५ मध्ये बीएसडब्ल्यू पक्षाचा संसदेत जायला लागणारा पाच टक्के मतांचा उंबरठा साधारण साडेनऊ हजार मतांनी हुकला तर त्यांनी फेरमोजणी मागितली. कागद असला की भांडण होतच नाही असं नाही, भांडण झालं तर परत मोजायला काहीतरी हातात असतं.

"अरे पण आपला देश केवढा, ९७ कोटी मतदार!" खरंय, पण मोजायचं असतं एकेका केंद्राचं. एका केंद्रावर हजार-दीड हजार मतदार, ते इथेही तेवढेच मोजतात. देश मोठा तशी केंद्रं जास्त आणि मोजणारे हातही जास्त, त्यात अशक्य काय आहे ते मला कळत नाही.

मी सगळं जुनं परत आणा असंही म्हणत नाही. लहानपणी निकाल दोन-दोन दिवस चालायचा, रेडिओवर आघाडी-पिछाडी ऐकत सगळं घर जागायचं, ते दिवस आठवले की आजही बरं वाटतं. पण त्याच काळात केंद्रं ताब्यात घेऊन शिक्के मारणारेही होते, बाद मतांचे ढीग होते, आणि ते मशीनने कमी झालं हे मी नाकारत नाही. सकाळी एजंटांसमोर होणारं चाचणी मतदान, संध्याकाळी त्यांना मिळणारी १७सी ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या फॉर्मची, प्रत, या पण चांगल्या गोष्टी आहेत, कारण त्या दिसतात.

व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत दिल्यावर मशीनसोबतच्या प्रिंटरमध्ये छापली जाणारी, चिठ्ठीसुद्धा दिसते, सात सेकंद. मग ती डब्यात पडते आणि बहुतेक चिठ्ठ्या परत कोणी बघत नाही. २०२४ च्या विधानसभेला महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, प्रत्येकी ५ केंद्रं म्हणजे १,४४० व्हीव्हीपॅट जुळवले, सगळे बरोबर निघाले असं आयोगाने सांगितलं. चांगलंच आहे, पण केंद्रं लाखभर होती. नियम असा की मशीन आणि चिठ्ठ्यांत फरक आला तर चिठ्ठ्यांचा आकडा धरायचा. म्हणजे शेवटचा शब्द कागदाचा हे नियमच मानतो, तर मग मोजायला एवढी टाळाटाळ का? सगळ्या चिठ्ठ्या मोजा ही मागणी सुप्रीम कोर्टाने २६ एप्रिल २०२४ ला फेटाळली, आणि डिसेंबर २०२५ मधल्या महाराष्ट्रातल्या नगरपालिकांच्या निवडणुकांना तर व्हीव्हीपॅट लावलेच नाहीत.

"तुला काय पडलंय" हे मात्र मला लागलं. इथे मी टॅक्स भरतो, माझी मुलं इथल्या शाळेत जातात, पण मी युरोपियन युनियनचा नाही म्हणून साध्या नगरपालिकेलाही मला मत नाही. त्या टर्नहालेमध्ये मत नसलेला माणूस मोजणी बघत उभा होता. आणि भारतात मला मत आहे, पण ते द्यायला स्वतः केंद्रावर हजर व्हावं लागतं, आणि मोजणी बघायला सामान्य मतदाराला आत सोडतच नाहीत. जर्मन पासपोर्ट घेतला तर इथलं मत मिळेल, पण भारत दोन नागरिकत्वं मानत नाही, तिकडचं जाईल. फॉर्म घेऊन ठेवलाय, भरवत नाही. बायको म्हणते, मत देत नाहीस तर ते जपून काय करणार. मला उत्तर देता येत नाही, फक्त एवढं कळतं की ते गेलं तर दादाशी भांडायचा हक्कही गेल्यासारखं वाटेल.

म्हणून हक्क आहे तोवर मागणी सांगतो. मशीन राहू दे. पण जुळवणीची पाच केंद्रं सोडत काढून ठरतात त्यासोबत हरलेल्या उमेदवाराला आपल्या मनाने आणखी काही निवडू द्या, ज्या गावावर त्याचा संशय आहे तेच गाव, आणि तिथल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर हाताने मोजा. वेळ लागेल म्हणतात. २०२४ च्या लोकसभेला नागपूर-चंद्रपूरच्या लोकांनी १९ एप्रिलला मत दिलं आणि निकालासाठी ४ जूनपर्यंत थांबले, दीड महिना मशीन कुलपात होती आणि कोणाची तक्रार नव्हती. तिथे आणखी दोन-चार दिवसांनी काय बिघडतं, दादा, तेवढं मला सांग.