जांभळ्या बेडकाचा ‘एकच दिवस’: एका फॉरवर्डची झडती

मॉन्सून केरळात कधी पोहोचणार याच्या बातम्या सुरू झाल्या की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक बेडूक उगवतो. यंदाही उगवला. शब्द दरवर्षी थोडे इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: “आपल्या सह्याद्रीत राहणारा हा जांभळा बेडूक वर्षातून फक्त एकच दिवस जमिनीवर येतो. उरलेले 364 दिवस जमिनीखाली झोपून काढतो. डायनासोरच्या काळापासून तो जसाच्या तसा आहे. डुकरासारख्या नाकाने जमीन उकरतो. 2003 पर्यंत तो कोणालाच माहीत नव्हता. दिसला तर भाग्य समजा आणि पुढे पाठवा.” खाली हात जोडल्याच्या खुणांची रांग.

आधी हे सांगतो की बेडूक खरा आहे. शास्त्रीय नाव नासिकाबॅट्रकस सह्याद्रेन्सिस. सत्यभामा दास बिजू आणि फ्रँकी बॉसाइट या दोघा संशोधकांनी ऑक्टोबर 2003 मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. लांबी साधारण सात सेंटिमीटर, अंग फुगलेलं, पाय आखूड, डोकं लहान, थोबाड टोकदार. रंग म्हणाल तर फोटोत दिसतो तसा चकचकीत जांभळा नाही. जांभूळ खाऊन झाल्यावर सालीला जो करडट रंग उरतो, तसा. फॉरवर्डवाल्याने बेडूक बनवलेला नाही. त्याच्याबद्दल जे रचलंय, त्याबद्दल माझी तक्रार आहे.

“फक्त एकच दिवस.” यात एक खरा धागा आहे म्हणूनच ते इतकं पसरतं. प्रौढ बेडूक विणीपुरता वर येतो, आणि एखादी जोडी बाहेर राहते ती फार थोडा वेळ, कधी कधी एकच रात्र. पण एक लग्न एका दिवसात उरकतं म्हणून लगीनसराई एका दिवसाची होत नाही. एका ओढ्यावर आज पाऊस लागला, शेजारच्या डोंगरावर चार दिवसांनी लागला, तर तिथले बेडूक चार दिवसांनी निघणार. या जातीचा बाहेर येण्याचा काळ अभ्यासक साधारण दोन आठवड्यांचा सांगतात. शिवाय 2017 मध्ये पश्चिम घाटाच्या पूर्व उतारावरून, तमिळनाडूतल्या श्रीविल्लीपुथूर भागातून, नासिकाबॅट्रकस भूपती ही दुसरी जात नोंदवली गेली. सरीसृप आणि उभयचरांचे अभ्यासक सुब्रमण्यम भूपती यांचं नाव तिला दिलंय. तिची वीण ईशान्य मोसमी पावसाशी जोडलेली असल्याचं तिच्या वर्णनात म्हटलंय. आपल्याकडे पाऊस ओसरतो तेव्हा तिकडे तो पाऊस सुरू होतो. मग हा ‘एकच दिवस’ नेमका कुठला?

आणखी एक गोष्ट. नर आवाज देतात ते बाहेर येऊन नाही. मातीच्या पातळ थराखाली, बिळात बसूनच ते ओरडतात. म्हणजे जो दिसत नाही तो गप्पही नाही. ओढ्याकाठी पावसात उभं राहिलं तर पायाखालून आवाज येतो आणि समोर काहीच नसतं. मादी नराहून बरीच मोठी. ती कमरेला बिलगलेल्या नराला घेऊन ओढ्याच्या पात्रापर्यंत चालत जाते आणि कातळातल्या खळग्यांत, फटींत हजारोंनी अंडी घालते. मग दोघं पुन्हा जमिनीत.

हा ‘एक दिवस’ कुठून आला असावा याबद्दल माझा एक तर्क आहे. तर्कच आहे, तसाच घ्या. मल्याळममध्ये या बेडकाला पाताळ तवळ म्हणतात आणि मावेली तवळही म्हणतात. तवळ म्हणजे बेडूक, मावेली म्हणजे महाबली, म्हणजेच आपला बळीराजा. आपण “इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो” म्हणतो ते दिवाळीच्या पाडव्याला. केरळात तोच बळी ओणमला पाताळातून वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येतो. इतकं सुंदर नाव मिळाल्यावर बेडकाचा मुक्कामही बळीराजाइतकाच ठरवून टाकला, तर नवल नाही. या बेडकाला केरळच्या राज्य उभयचराचा दर्जा द्यावा अशी मागणीही झाली.

“364 दिवस झोपून.” हे सरळ चूक आहे, आणि या प्राण्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट त्यामुळेच झाकली जाते. जमिनीत राहणारे बेडूक आपल्याकडेही आहेत. उन्हाळ्यात खाली जातात, पाऊस पडला की वर येऊन किडे खातात, लठ्ठ होतात, पुन्हा खाली. त्यांचं घर खाली, जेवण वर. जांभळ्या बेडकाचं जेवणही खालीच. तो मातीत वाळवी शोधतो. तोंडाची फट अगदी बारीक, त्यातून बाहेर येणारी जीभ, आणि पुढे आलेलं थोबाड. वाळवीच्या अरुंद वाटांत शिरायला हे हत्यार चांगलं. वाळवी बारमाही मिळते, मग वर यायचं कशाला? झोपलेल्या प्राण्याला वर्षभर शिकारीची हत्यारं लागत नाहीत. आपल्याला तो दिसत नाही, म्हणून आपण त्याला झोपवून टाकलाय.

“डुकरासारख्या नाकाने उकरतो.” नाक डुकरासारखं दिसतं, कबूल. पण खणायचं काम मागच्या पायांचं. मागच्या तळव्यावर एक टणक, पांढरट उंचवटा असतो, तेच त्याचं फावडं. बूड खाली रुतवत, माती बाजूला आणि पाठीवर लोटत तो आत जातो. नाक लागतं ते आत गेल्यावर, वाळवी हुडकायला. आजोळी विहिरीचा गाळ काढणारे गडी मी पाहिलेत. फावडं मारताना कोणी नाक पुढे करत नाही.

“डायनासोरच्या काळापासून जसाच्या तसा.” इथे जरा थांबायला हवं, कारण हे अर्धवट वाक्य शास्त्रज्ञांच्याच तोंडून निसटलेलं आहे. ‘नेचर’च्या त्याच अंकात ब्लेअर हेजेस यांनी या बेडकाची तुलना सीलाकँथशी केली, म्हणजे नामशेष झाला असं समजला गेलेला आणि मग जिवंत सापडलेला तो मासा. उपमा झकास होती, पण उपमेचा दाखला होत नाही.

खरी गोष्ट वंशावळीची आहे. या बेडकासाठी शास्त्रीय वर्गीकरणात एक नवं कुळ (फॅमिली) मांडावं लागलं. त्याआधी बेडकांचं नवं कुळ मांडलं गेलं होतं 1926 मध्ये. आज जिवंत असलेल्यांत त्याचे सर्वांत जवळचे नातलग भारतात नाहीतच, ते सुमारे 3,000 किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर आहेत. ही दोन घराणी वेगळी झाली त्याला सुमारे 13 कोटी वर्षं झाली असा 2003 चा अंदाज होता. पुढच्या अभ्यासांनी आकडा इकडेतिकडे केला आहे. दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्हातून घडला, त्या उद्रेकांच्या सुमारास सेशेल्सचा तुकडा भारतापासून सुटला, आणि चुलत घरं समुद्राच्या दोन काठांना गेली.

पण घराणं जुनं म्हणजे माणूस जुना नव्हे. आमचं आडनाव पेशवाईत होतं, म्हणून मी काही पेशवाईतला नाही. सेशेल्सच्या त्या नातलगांतला गार्डिनरचा बेडूक पाहा. पूर्ण वाढ झाल्यावरही जेमतेम एक सेंटिमीटर, नखावर मावेल एवढा. त्याच्या अंड्यातून थेट इवलं बेडूकच बाहेर पडतं, पाण्यातली अवस्थाच नाही. इकडे आपला सात सेंटिमीटरचा, मातीत राहणारा, आणि त्याची पिल्लं धावत्या ओढ्यात. दोघांचं घराणं सारखंच जुनं. दोघांचा पूर्वज एकाच वेळी दोघांसारखा ‘जसाच्या तसा’ कसा असेल? कोणी तरी बदललं, बहुधा दोघंही.

आणि डायनासोरांच्या अखेरच्या काळाच्या आसपासचा बेडूक हवाच असेल तर केरळला जायला नको. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या, लाव्हाच्या थरांमध्ये साचलेल्या खडकात बेडकांचे जीवाश्म मिळाले. ब्रिटिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी 1847 मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्यांना इंडोबॅट्रकस म्हणतात. मुंबईच्या ग्रुपांवर हे कोणी का फिरवत नाही, देव जाणे.

“आपल्या सह्याद्रीत.” नावातल्या ‘सह्याद्री’ने हा घोळ केलाय. आपल्यासाठी सह्याद्री म्हणजे हरिश्चंद्रगड, राजगड, महाबळेश्वर. शास्त्रीय नावात मात्र अख्खा पश्चिम घाट अभिप्रेत आहे. हा बेडूक घाटाच्या दक्षिण टोकाचा, केरळ आणि तमिळनाडूचा. वर्णन झालं ते केरळच्या इडुक्की जिल्ह्यातल्या कट्टप्पनाजवळच्या नमुन्यावरून, वेलदोड्याच्या मळ्यांच्या मुलखातून. महाराष्ट्रात त्याची नोंद नाही. माझ्या एका मित्राने तर ‘नासिका’ वाचून हा नाशिकला सापडला का, असं विचारलं. नासिका म्हणजे नाक, एवढंच. नाशिककरांनी शूर्पणखेच्या नाकावर समाधान मानावं.

“2003 पर्यंत कोणालाच माहीत नव्हता.” सगळ्यात जास्त खटकलं ते हे. ‘कोणाला’ म्हणजे कोणाला?

प्रौढ बेडूक बाहेर थोडा वेळ असतो, पण त्याचं पिल्लू, म्हणजे बेडूकमासा, शाळेच्या पुस्तकातला टॅडपोल, ओढ्यात साधारण शंभर दिवस काढतो. तोही साध्या डबक्यात नाही. धबाबा पाणी वाहत असलेल्या कातळावर, पोटाकडच्या चूषकासारख्या तोंडाने दगडाला घट्ट चिकटून, शेवाळ खरवडत. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेचे पहिले संचालक नेल्सन अनंडेल यांनी 1918 मध्येच या बेडूकमाशांचं वर्णन केलं होतं. फक्त ती पिल्लं कोणाची, हे कळायला पुढची 85 वर्षं गेली. पोर डोळ्यांसमोर होतं, आईबाप जमिनीत.

आणि शास्त्रज्ञांच्या आधीचं काय? इडुक्कीतल्या काही आदिवासी वस्त्यांमध्ये लोक पावसाळ्यात ओढ्यांतून हे बेडूकमासे गोळा करतात आणि खातात. 2015 मध्ये यावर शोधनिबंधही आला, तो अर्थात जातीला असलेल्या धोक्याच्या अंगाने. धोका खरा आहेच. ओढ्यांवर बांधल्या जाणाऱ्या छोट्या बंधाऱ्यांचाही आहे, कारण पाणी तुंबलं की वाहत्या कातळावरची ती जागाच बुडते. पण ज्याची पिल्लं कालवणात पडतात, तो प्राणी ‘कोणालाच माहीत नव्हता’ असं लिहिताना निदान ‘शास्त्रज्ञांना’ हा शब्द तरी घालावा.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. मामेभावाने तीन तासांनी विचारलं, “दादा, एवढं लांबण लावलंस, पण मग दिसतो कधी ते सांग की.” मी लिहिलं: मोठा बेडूक दिसायची फार आशा धरू नकोस. भर पावसाळ्यात इडुक्कीला गेलास, तर एखाद्या स्थानिकाला विचारून ओढ्यावर जा, वाहत्या पाण्याखालच्या कातळाकडे बघ. काळ्या ठिपक्यांसारखे जे चिकटलेले दिसतील, त्यांना उचलू नकोस.