बांगडी मोराच्या पैठणीवरील अभिप्रायास आमचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण आमच्या येवल्याच्या दुकानाला दोन तारे देऊन लिहिलेला सविस्तर अभिप्राय आम्ही वाचला आणि ज्या मागावर आपली साडी विणली गेली त्या पतिपत्नींनाही वाचून दाखवला. आपले म्हणणे असे, की पदराच्या टोकाकडच्या ओळीतल्या बांगड्या, म्हणजे ज्या वर्तुळांत मोर विणतात ती वर्तुळे, गोल आहेत, पण अंगाकडच्या ओळीतल्या किंचित लांबट वाटतात. एका मोराचा डोळा शेजारच्या मोरापेक्षा मोठा आहे. रंग फोटोत दिसला तसा नाही. साडी सांगितलेल्या अंदाजापेक्षा तीन आठवडे उशिरा मिळाली. आणि ‘अगदी अशीच’ पैठणी, तीही सिल्क मार्कसह, एका प्रदर्शनात चौथाई किमतीला मिळत होती. हा अभिप्राय पैठणी घेऊ पाहणारे इतरही वाचतील, म्हणून उत्तर येथेच देत आहोत.

प्रथम एक स्पष्ट करावेसे वाटते. साडीत काहीही खोट निघाली की ‘हातकाम आहे, चालायचेच’ असे म्हणून ग्राहकाला वाटेला लावणारे विक्रेते आम्हालाही आवडत नाहीत. तुटलेली तार तशीच सोडून पुढे विणलेले कापड, काठ आणि अंग यांच्या सांध्यात पडलेली फट, तेलाचा डाग, पाठीमागे लोंबणारा धागा हे दोषच आहेत, आणि साडी हातमागावर विणली म्हणून ते क्षम्य ठरत नाहीत. आपण लिहिलेल्या गोष्टी मात्र या यादीतल्या नाहीत, असे आमचे मत आहे, आणि त्याचे कारण पदर कसा विणला जातो यात आहे.

पैठणीच्या पदरात जरीचा बाणा, म्हणजे आडवा धागा, नक्षीमागची जमीन धरतो आणि नक्षी रंगीत रेशमाने भरली जाते. मोराची मान, पिसारा, पाने, फुले, प्रत्येक रंगासाठी वेगळी छोटी कांडी असते, आणि पदराच्या एका ओळीवर अशा कितीतरी कांड्या एकाच वेळी लोंबत असतात. विणकर ताण्याच्या, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांच्या, तारा बोटांनी मोजतो, ठरलेल्या तारांखालून त्या रंगाचा धागा नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात तो अडकवतो आणि परत फिरवतो. सगळे रंग असे एकदा फिरले की फणीचा ठोका बसतो आणि कापड केसभर पुढे सरकते. दाट नक्षीच्या पदरावर दिवसभर बसूनही इंच-दीड इंचाच्या पुढे काम जात नाही. धागे एकमेकांत अडकवलेले असल्यामुळे पाठीमागे काही उरत नाही, आणि म्हणूनच पैठणी उलट-सुलट सारखीच दिसते. ‘पैठणी’ला 2010 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, तो येवले आणि पैठण येथल्या याच विणकामामुळे.

आता बांगडीचा आकार पाहावा. वर्तुळ ही या पद्धतीत सर्वांत अवघड नक्षी आहे, कारण ताणा आणि बाणा दोन्ही सरळ जातात आणि गोलाई फक्त पायऱ्या-पायऱ्यांनी साधता येते. आडवी रुंदी ताण्याच्या तारा मोजून ठरते, ती चुकत नाही. उभी लांबी मात्र ठोक्यावर अवलंबून असते. ठोका जोरात बसला तर बाण्याचे धागे दाटीने बसतात आणि बांगडी चपटी होते. हलका बसला तर ती लांबट होते. टोकाकडची ओळ आणि अंगाकडची ओळ यांच्यामध्ये अनेक दिवसांचे काम असते, त्यात एखादी दुपार कोरडी असते, एखादी दमट, आणि रेशीम हवेतला ओलावा धरणारे असल्यामुळे ताण्याचा ताण रोज थोडा बदलतो. रात्री ताणा सैल करून ठेवतात आणि सकाळी पुन्हा कसतात, त्या पहिल्या काही ठोक्यांत तर जाणत्या हातालाही कापड नीट लागेपर्यंत सावध राहावे लागते. मोराचा डोळा मोजक्या तारांचाच असतो, त्यामुळे एक तार इकडची तिकडे गेली तरी तो मोठा दिसतो. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत ओळींमधला जो फरक दिसतो, तो आमच्या दुकानात तपासणीच्या वेळी पाहिला होता आणि तो मान्य करण्याजोगा आहे असे ठरवूनच साडी पाठवली. आजही आमचा निर्णय तोच आहे.

उशिराचा प्रश्नही याच पदराशी जोडलेला आहे. अर्धा पदर झाल्यावर जरीचे नवे रीळ लावले, आणि काही दिवसांचे काम पुढे गेल्यावर उन्हात पाहिले तर जुनी जरी आणि नवी जरी यांच्या चमकेत फरक होता. दिव्याखाली तो कळत नव्हता. तेवढा भाग उसवावा लागला. विणलेले उसवणे हे विणण्यापेक्षा जिकिरीचे असते, कारण प्रत्येक रंगाचा अडकवलेला धागा वेगळा सोडवावा लागतो, आणि घाई केली तर ताण्याच्या तारा घासून तुटतात, त्या पुन्हा एकेक सांधाव्या लागतात. त्यात चैत्र-वैशाखातली येवल्याची कोरडी हवा रेशमाला मानवत नाही. हे सर्व आपल्याला त्याच वेळी फोनवर कळवले होते आणि पावतीवरही कालावधी अंदाजे असल्याचे लिहिलेले आहे. उसवण्याच्या दिवसांची मजुरी आम्ही दिली. ती आपल्या किमतीत धरलेली नाही.

रंगाबद्दल थोडक्यात. आपण निवडलेल्या साडीत ताणा राणी रंगाचा आणि बाणा गडद निळा आहे, त्यामुळे अंग एका कोनातून जांभळे आणि दुसऱ्या कोनातून लालसर दिसते. अशा धूपछाव रंगाचा एकच खरा फोटो काढता येत नाही, म्हणून खिडकीजवळचा व्हिडिओही पाठवला होता. दोन्हीकडून एकच रंग हवा असल्यास ताणा-बाणा एकाच रंगाचा घेता येतो आणि तशा साड्या आमच्याकडे आहेत.

प्रदर्शनातल्या साडीविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे. सिल्क मार्क ही खूण रेशीम शुद्ध असल्याचे सांगते. साडी हातमागावरची आहे की यंत्रमागावरची, हे ती सांगत नाही. हातमागाच्या कापडासाठी 2006 पासून वेगळी खूण आहे. यंत्रमागावर जॅकार्डने, म्हणजे भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी उचलणाऱ्या यंत्राने, मोर विणता येतो, तो मोर दुसऱ्या मोराशी तंतोतंत जुळतोही, आणि ज्यांना तेच हवे आहे त्यांनी ती साडी आनंदाने घ्यावी, फक्त तिला हातमागाची पैठणी म्हणून कोणी विकू नये. आपण पुन्हा त्या साडीजवळ गेलात तर पदर उलटा करून पाहावा: मोराच्या पाठीमागे एका नक्षीपासून दुसरीकडे गेलेले सुटे धागे किंवा ते कापल्याची टोके दिसली, तर किमतीतल्या फरकाचा उलगडा तेथेच होईल. हातमागावरही एकाच धोट्याने (बाण्याचा धागा आडवा नेणाऱ्या साधनाने) विणलेली, नारळी काठाची आणि साध्या बुट्ट्यांची एकधोटी पैठणी असते. काठांचे आणि अंगाचे धोटे वेगळे चालवण्याचा खटाटोप तीत नसल्यामुळे ती लवकर होते आणि स्वस्तही पडते. बांगडी मोराच्या भरलेल्या पदराशी तिची तुलना करणे दोन्ही साड्यांवर अन्याय आहे.

आपला अभिप्राय ऐकून विणणाऱ्या बाई एवढेच म्हणाल्या, की पदरातल्या पोपटाच्या चोचीचा रंग ताईंनी पाहिला का. नक्षीच्या कागदावर चोच लाल होती. त्यांनी ती स्वतःच्या मनाने अबोली घेतली, कारण जरीवर लाल फार ओरडतो. महिनोन्महिने तारा मोजण्याच्या कामात एवढा एक निर्णय आपला असतो, आणि त्याचा आनंद त्यांना पूर्ण पदर मागावरून उतरण्यापेक्षा अधिक होतो, असे आम्ही पाहत आलो आहोत.

तरीही साडी आपल्याला नेसायची आहे आणि मन खात असेल तर ती आपण ठेवावी असा आमचा आग्रह नाही. साडी घेऊन दुकानात यावे. आपल्यासमोर ती टेबलावर पसरून काठाचा सांधा, ताणा आणि पाठ तपासू. वर सांगितलेल्यांपैकी एकही दोष निघाला तर पूर्ण रक्कम परत करू किंवा नवी साडी विणून देऊ. दोष निघाला नाही, पण साडी नेसलेली नसेल, तर त्याच किमतीची दुसरी आपल्या पसंतीने घेता येईल. येईपर्यंत फॉल-पिको करू नये, कारण शिलाई झाल्यावर काठ आतून तपासता येत नाही. साडी सुती कापडात गुंडाळून ठेवावी, जरीला अत्तर किंवा डांबराच्या गोळ्या लागू देऊ नयेत, आणि येताना पावती सोबत आणावी.