कोकणात टेम्पो नेताय? आधी छप्पर भरा

किनाऱ्यावर वादळ धडकलं की दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर मदतीचे मेसेज फिरतात आणि पार्किंगमध्ये जुन्या कपड्यांचा ढीग पडतो. स्पष्टच लिहितो : कपडे नकोत, बिस्किटांचे पुडे नकोत, पाण्याच्या बाटल्या तर नकोतच. पहिल्या आठवड्यात तिथल्या माणसाला हवं असतं ते छप्पर.

तारीख बघा. निसर्ग वादळ ३ जून २०२० च्या दुपारी अलिबागच्या दक्षिणेला जमिनीवर आलं, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर. म्हणजे पाऊस दाराशी उभा. घरोघरी तांदूळ, मसाला, सुकी मासळी, लाकूडफाटा अशी पावसाळ्याची बेगमी भरलेली. धान्य घरात आहे, पण ते भिजतंय. त्याला ओल लागून बुरशी धरली, की तुमची दहा किलोची पिशवी किती दिवस पुरणार?

आता पत्रे का उडतात ते. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० किलोमीटरला एका चौरस मीटरवर साधारण १७ किलोचा जोर असेल, तर १२० ला तो दुप्पट नाही, चौपट होतो : ६८ किलो. पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. कडेला आणि कोपऱ्यावर ओढ आणखी जास्त, आणि पडवीत वारा खालूनही शिरतो, म्हणून पडवी आधी जाते. पडवीचे आणि मुख्य घराचे वासे एकच असतील तर ती जाताना घराचं पाखं, म्हणजे छपराची त्या बाजूची उतरती बाजूही उचकटते. वारा आत-बाहेर सारखा व्हावा म्हणून खिडक्या उघड्या ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आत शिरलेला वारा छपराला खालून ढकलतो.

उडालेले पत्रे बऱ्याचदा शेजारच्या वाडीत सापडतात, पिळवटले नसतील तर पुन्हा चढतातही. नसतात ते जे-हुक (पत्रा खालच्या आडव्या लाकडाला किंवा लोखंडाला आवळणारे वाकडे बोल्ट), वायसर आणि स्क्रू. त्यामुळे पुण्यात भवानी पेठेत हार्डवेअर घेताना पत्र्यांपेक्षा या बारीक मालावर पैसे घाला. कडेच्या रांगेत प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू, मधल्या रांगांत एकाआड एक. नुसते खिळे ठोकू नका, ते हिसक्यांनी उपसून येतात. कौलं मात्र पुण्याहून नेऊ नयेत. साचा वेगळा असला की एकमेकांत बसत नाहीत.

ताडपत्री ही सगळ्यात निकडीची गोष्ट आणि तीच सगळ्यात वाईट घेतली जाते. स्वस्तातली पातळ निळी दोन दिवसांत भोकांपाशी फाटते. किमान २०० जीएसएमची (म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची), १८ बाय २४ फुटी घ्या. बांधताना रिंगांवर विसंबू नका. कड बांबूला किंवा रिपेला दोन वेढे गुंडाळायची, मग रीप वाशाला बांधायची. म्हणजे ओढ एका भोकावर न येता सगळ्या कडेवर पसरते. ताडपत्री आढ्यावरून पलीकडे किमान तीन फूट उतरली पाहिजे, नाहीतर पाणी वरूनच आत येतं. वर दगड ठेवू नका. दोराच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधून ती दोन्ही बाजूंनी लोंबती सोडा.

साखळी करवत नेणार असाल तर दोन-तीन जादा साखळ्या आणि गोल कानस हवीच, माडाच्या खोडावर धार फार लवकर जाते. वाकून ताणावर असलेलं झाड नवख्याने कापू नये, खोड उलटं उसळतं.

जनरेटर न्या, पण घराच्या बोर्डात प्लग खुपसून वीज उलटी सोडू नका. ती तारेत जाते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जातो. वेगळी वायर ओढून विहिरीचा पंप चालवा. जनरेटर घराबाहेर, खिडकीपासून लांब. त्याचा धूर बंद खोलीत माणूस मारतो.

पंप चालला की पाण्याच्या बाटल्या कशाला? विहिरीत हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर लागते. तीन मीटर रुंद विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे २१ हजार लिटर, त्याला ५०-५५ ग्रॅम. आधी पाला-कचरा काढा. बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडा, चोथा टाकून द्या आणि तासभर थांबा. गढूळ पाण्याला पावडर जास्त लागते. उघड्या राहिलेल्या जुन्या पुड्यात दम नसतो, तेव्हा सीलबंद घ्या.

शेवटी प्रवास. पुण्याहून कोकणात उतरणाऱ्या ताम्हिणी घाटात झाडं पडलेली असतात, म्हणून टेम्पोत कोयते वर ठेवा, मालाखाली नाही. डिझेल पुण्यातच फुल्ल करा, कारण वीज नसली की तिकडचे पंप बंद. नेटवर्क नसल्याने यूपीआय चालत नाही, तेव्हा शंभर-शंभरच्या नोटा जवळ असू द्या. आणि ड्रायव्हरशेजारची जागा सेल्फी काढणाऱ्या मित्राला न देता सुताराला द्या, जमलं तर मागे एक फॅब्रिकेटरही.