‘काका, विमान कुठंय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

विमानांची छोटी प्लास्टिक मॉडेल्स जोडायच्या टेबलावर रंग आणि हत्यारं कशी लावावीत, यावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘जुना मॉडेलर’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. मी ती उडवलेली नाही, उडवणारही नाही. सगळ्यांना खाली जाऊन वाचायला वेळ नसतो, म्हणून इथे जशीच्या तशी देतो:

“काका, रॅक मस्त. पण विमान कुठंय? दोन वर्षांत टेबल, रॅक, ड्रॉवर यांवर तुमचे चार लेख झाले, पूर्ण झालेलं मॉडेल एकही दिसलं नाही. ज्याचे हात चालत नाहीत तो टेबल आवरत बसतो. ड्रॉपरच्या बाटल्या उलट्या ठेवायचा सल्ला चूक आहे, नोझल चोक होतात. थिनरची बाटली खिडकीजवळच्या रॅकमध्ये, आणि तीही नागपूरच्या उन्हाळ्यात? शिवाय एका खोलीत राहणाऱ्या पोट्ट्यांनी एवढं टेबल मांडायचं कुठं?”

‘आवरत बसतो’च्या पुढे एक हसरा चेहरा आहे, तो मी इथे उतरवलेला नाही.

जुने मॉडेलर साहेब, तुम्ही जुने, तर मी तुमचा काका कसा, हे आधी सांगा. मी ५८ वर्षांचा आहे. टीकेचं मला वावडं नाही, इथले जुने वाचक साक्षीला आहेत. पण मुद्दा मांडायचा तर सरळ मांडावा. शेजारी हसरा चेहरा चिकटवला की बोलणं सभ्य झालं, असं हल्ली सगळ्यांना वाटायला लागलंय. थोबाडीत मारायची आणि वर गाल कुरवाळायचा.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी सांगून टाकतो. ड्रॉपरच्या बाटल्यांबद्दल मान्य. रंगातलं पिगमेंट जड, ते खाली बसतं. बाटली उलटी ठेवली की नोझल म्हणजेच तळ. त्यात आपल्याकडचा मे महिना, टोकाशी उरलेला थेंब वाळून त्याचं बूच बसतं. माझ्या २२ बाटल्यांपैकी दोन बंद पडल्या होत्या, टाचणीने मोकळ्या केल्या. (लेख टाकल्यानंतर पडल्या, म्हणून लेखात नव्हतं.) आता सगळ्या सरळ उभ्या आहेत. प्रत्येकीत स्टेनलेस स्टीलची एक गोळी टाकलीय, बाटली हलवली की तळाचा रंग सुटतो. सायकलच्या दुकानातला साधा छर्रा टाकू नका, पाण्यावरच्या रंगात तो गंजतो. लेखातली ती ओळ खोडून खाली दुरुस्ती दिली आहे. चूक झाली, कबूल केली. एवढा मोठेपणा माझ्यात आहे.

आता ते वाक्य. ‘ज्याचे हात चालत नाहीत तो टेबल आवरत बसतो.’ हे मी मंगळवारी रात्री वाचलं. रागाच्या भरात काही लिहू नये म्हणून बुधवारी परत वाचलं. आज शनिवार आहे आणि ते अजून तेवढंच उद्धट वाटतंय.

माझे बाबा घड्याळजी होते. नागपूरच्या इतवारीत एका जिन्याखाली त्यांचं दुकान. दुकान म्हणजे सहा फूट बाय चार फुटांत एक काचेचं टेबल, एक स्टूल, आणि माझ्यासाठी पालथा घातलेला तेलाचा डबा. शाळा सुटली की मी त्या डब्यावर. बंगलोरला एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये निघाला आणि पुढच्या काही वर्षांत त्यांचं ‘जनता’ घड्याळ घरोघरी गेलं. रोज चावी द्यायची. आमचं घर त्या चावीवर चाललं, असं म्हटलं तरी चालेल.

बाबांच्या टेबलाच्या कडेला जुन्या धोतराचं कापड दोन चिमट्यांनी अडकवलेलं असे, त्याचं दुसरं टोक त्यांच्या कमरेला खोचलेलं. हातून सुटलेला स्क्रू जमिनीपर्यंत जातच नसे, त्या झोळीत पडे. उघडलेल्या प्रत्येक घड्याळावर काचेची वाटी पालथी, धूळ बसू नये म्हणून. स्क्रूड्रायव्हर सात, प्रत्येकाच्या मानेला वेगळ्या रंगाचा दोरा. ‘लाल दे’ म्हटलं की मी लाल द्यायचा. सातही जणांची जागा ठरलेली, कारण डोळ्याला भिंग लावलेला माणूस मान वळवून शोधत बसत नाही. हात गेला की वस्तू तिथे असलीच पाहिजे.

एकदा माझा धक्का लागला आणि क्लिकची, म्हणजे चावी उलटी फिरू न देणाऱ्या खटक्याची, स्प्रिंग उडाली. एवढीशी तार, नखावर ठेवली तर दिसणार नाही. झोळीत नव्हती. मी शोधायला उठू लागलो तर बाबा भिंग न काढता म्हणाले, “हालू नोको बे. पाय हालला का ते गेलं.” पंधरा मिनिटं मी एक पाय हवेत धरून, आणि ते बॅटरीच्या उजेडात फरशीचा एकेक चौकोन बघताहेत. शेवटी ती त्यांच्याच शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत निघाली.

आणि रोज रात्री साडेआठला शटर ओढायच्या आधी वीस मिनिटं ते टेबल आवरायचे. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. ‘उद्या या’ म्हणायचे, पण दोऱ्याचा रंग बघून सातही स्क्रूड्रायव्हर जागेवर गेल्याशिवाय उठायचे नाहीत. आता तुम्ही सांगा साहेब, त्या माणसाचे हात चालत नव्हते? तुमच्या हिशेबाने ते आवरतच बसले होते की.

हे वैयक्तिक आहे, याची मला कल्पना आहे. सुरुवात मी केलेली नाही.

माझं टेबल म्हणजे बाबांच्याच टेबलाचं पोर. कडेला कापड आहे, तेही कमरेला खोचतो; बायको हसते. १/७२ ला, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाला, मिग-२१ हे लढाऊ विमान कसंबसं वीसेक सेंटिमीटरचं, त्याच्या नाकावरची वेग मोजायची पिटो नळी सुईसारखी. ती स्प्रूवरून (सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात, तिच्यावरून) कापताना निपर टिक वाजतो आणि तुकडा कुठे गेला ते देवाला माहीत. आता झोळीत जातो. रॅकचं विचाराल तर ती ‘मस्त’ रॅक कळमन्याच्या बाजारातून आलेल्या संत्र्याच्या पेटीच्या फळ्यांची आहे, फळवाल्याने फुकट दिली. १७ मिलीच्या ड्रॉपरचा व्यास साधारण अडीच सेंटिमीटर, तेवढी भोकं सुताराकडून पाडून घेतली. जुनी ब्लेड पडतात ती गोळ्यांच्या रिकाम्या डबीत, झाकणाला चीर पाडून. पॉलिश पेपर नंबराप्रमाणे, ४००, ६००, १०००, २०००, लग्नपत्रिकांच्या लिफाफ्यांत. खर्च म्हणाल तर सुताराचे पैसे आणि चहा.

रंगांच्या झाकणांवर त्याच रंगाचा ठिपका का द्यायचा, यावर मी मागे एक अख्खा परिच्छेद लिहिला होता. तो तुम्ही ‘मस्त’मध्ये गुंडाळलात. पूर्वी मी ठिपके देत नव्हतो. तामिया कंपनीचा एक्स-१ म्हणजे चकचकीत काळा आणि एक्सएफ-१ म्हणजे मॅट काळा. चष्मा कपाळावर ठेवून मी एकदा विमानाची तिन्ही चाकं एक्स-१ ने रंगवली. दुसऱ्या दिवशी बघतो तर टायर नव्या कोऱ्या चपलेसारखे चमकताहेत. तेव्हापासून झाकणावर दोन-दोन खुणा: रंगाचा ठिपका, आणि त्याच्या शेजारी मॅट असेल तर खडूची रेघ.

आणि चार लेख का झाले, तेही सांगतो. नागपूरचं टेबल वर्षभर एकसारखं ठेवता येत नाही. हे ज्याने इथे एक उन्हाळा रंग लावलाय त्याला सांगावं लागत नाही. तुम्ही इथले असाल तर तुम्हालाही माहीत असणार, मग विचारलंत कशाला? मेअखेरच्या नवतप्यात ॲक्रिलिक ब्रशवरून पंखापर्यंत जाईस्तोवर वाळतो. मग ओला पॅलेट लागतो: जेवणाच्या डब्याच्या झाकणात ओला स्पंज, वर बटर पेपर, त्यावर रंग. तो उजव्या हाताला हवा, म्हणजे तिथली हत्यारं डावीकडे जाणार. बरं, कूलर लावावा तर हवेत ओल येते आणि लॅकरच्या स्प्रेवर पांढरट झाक बसते. म्हणून स्प्रेचं काम सकाळी आठच्या आत, कूलर बंद ठेवून. नंतर जुलै लागतो. सुपरग्लू आवळतो तोच मुळी हवेतल्या ओलाव्याने. बाटली उघडी राहिली की पावसाळ्यात ती गेलीच. माझी बाटली फ्रिजमध्ये, लोणच्याच्या बरणीमागे, घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर असते. बाहेर काढल्यावर लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर आतच दव धरतं. डेकल्सचे (विमानावर चिकटवायच्या चिन्हांचे) कागदही पावसाळ्यात टेबलावर राहत नाहीत, कपड्यांच्या कपाटात जातात. म्हणजे मे आणि जुलै असं वर्षातून दोनदा सगळं टेबल हलतं. दोन वर्षं, चार लेख. हिशेब जुळला?

तर विमान. काचेच्या कपाटात माझी ११ पूर्ण मॉडेल्स आहेत. नऊ विमानं, एक रणगाडा, आणि मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये इंजिन बघून आल्यावर केलेलं एक पुठ्ठ्याचं इंजिन. आपली नॅरोगेज २ फूट ६ इंचांची, १/८७ ला तिच्यासाठी ९ मिमीचा रूळ चपखल बसतो. त्या इंजिनाच्या फुटप्लेटवर (ड्रायव्हर उभा राहतो त्या जागेवर) मी तीन रविवार घालवलेत. आता ही अकराही २०२३ च्या आधीची आहेत आणि त्यांचे फोटो इथे नाहीत, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. फोटो काढणं हे वेगळं काम आहे. माझ्या फोनने चांदी रंग काढला की तो राखाडी येतो.

आणि सध्याचं मॉडेल म्हणजे तेच मिग. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला, १९६३ पासूनची त्याची वायुदलातली नोकरी संपली. टीव्हीवर तो समारंभ बघितला आणि त्याच संध्याकाळी बॉक्स उघडला. वायुदलाने ते ६२ वर्षं सांभाळलं. मी एकाला थोडे महिने जास्त घेतले तर आभाळ कोसळत नाही. कॉकपिट रंगवून झालंय, पंख बसलेत, सांधे भरून घासलेत. कॅनॉपीचं मास्किंग, म्हणजे रंग लागू नये म्हणून वैमानिकाच्या डोक्यावरची काच टेपने झाकणं, राहिलंय. चांदी रंगाखाली धुळीचा एक कण सुटला तरी उठून दिसतो, म्हणून स्प्रेच्या आधी टेबल पुसून घ्यावं लागतं. पुसायचं म्हटलं की सगळं उचलावं लागतं. उचललं की परत लावावं लागतं. याला तुम्ही ‘आवरत बसणं’ म्हणा, मी स्प्रेची तयारी म्हणतो.

तुमच्या स्वतःच्या प्रोफाइलवर मी जाऊन आलो. एकही फोटो नाही. मॉडेलचा नाही, टेबलाचाही नाही. तुमचं काम चांगलं असेल, नाही म्हणत नाही. पण दुसऱ्याच्या हातांवर बोलताना आपले थोडे दाखवावेत, असं आमच्या इतवारीत मानतात. एक फोटो पाठवा, या लेखाखाली सर्वात वर लावतो. कुत्सितपणे म्हणत नाही, खरंच लावीन.

बाकीचे मुद्दे किरकोळ आहेत. एका खोलीतल्या पोट्ट्यांनी काय करावं? पलंगाखाली सरकेल असा मोठा ट्रे घ्यावा, कटिंग मॅट त्यातच ठेवावी. त्यावर लिहीन कधीतरी. थिनरचं म्हणाल तर ज्वालाग्राही वस्तू उन्हात ठेवू नये हे शाळेतल्या पोरालाही कळतं, माझ्या वाचकांना मी ते वेगळं सांगायची गरज नाही. फोटोत बाटली खिडकीजवळ दिसते ती फोटोपुरती होती. साधारण फोटोपुरतीच.

आणि पुढच्या वेळी ‘काका’ नको. दादा चालेल, किंवा काहीच नको.

ता. क. थिनरची बाटली काल दुपारी खालच्या लोखंडी कपाटात हलवली आहे. तुमच्या सांगण्यावरून नाही, तिथे जागा झाली म्हणून.