चाळिशीनंतर वजनं उचलू नयेत? त्या फॉरवर्डला एकेक करून उत्तर

गेल्या महिन्यात एकच संदेश मला चार ठिकाणांहून आला. आधी देवळाच्या गटातून, मग शाळेच्या बॅचमधून, मग भाचीकडून आणि शेवटी शेजारच्या काकींकडून. संदेश असा: "चाळिशीनंतर वजनं उचलू नका. हा प्राणवायूविना होणारा व्यायाम आहे. त्यात लॅक्टिक ॲसिड नावाचं विष साचतं, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग दुखतं. रक्तदाब चढून हृदय बंद पडतं. सांधे झिजतात. बायकांचं शरीर पुरुषी होतं. व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते. रोज चाला, तेवढं पुरे."

काकी एकसष्ट वर्षांच्या. फोंड्यात आम्ही काही जणी आठवड्यातून दोनदा एका सभागृहात जमून वजनांचा व्यायाम करतो. तिथे त्या पाच महिने न चुकता येत होत्या. हे वाचून त्यांनी येणं बंद केलं, म्हणून हे लिहायला बसले.

प्राणवायूविना म्हटलं की कुणाचाही जीव घाबरा होईल. पण पाडेली माडावर चढतो किंवा आपण सुटत आलेली बस धावत जाऊन पकडतो, तेव्हा हेच घडत असतं. स्नायूत तयार असलेलं एटीपी, म्हणजे पेशीचं रोखीतलं इंधन, दोन-तीन सेकंदांत संपतं. ते पुन्हा भरून देणाऱ्या क्रिएटिन फॉस्फेटचा साठा जेमतेम दहा सेकंद साथ देतो. त्यानंतर मिनिट-दीड मिनिट स्नायू साखर प्राणवायूशिवाय फोडून शक्ती काढतो. या सगळ्या वेळात श्वास चालूच असतो. गरज इतकी तातडीची असते की रक्तातून प्राणवायू पोचायची वाट न पाहता स्नायू घरातल्या शिधासामग्रीवर काम भागवतो, एवढंच. सराव झाला की हा साठा वाढतो आणि दोन उचलींमध्ये तो लवकर भरूनही निघतो.

आता ते 'विष'. हा समज जुना आहे आणि तो अडाण्यांचा नाही. बेडकाच्या स्नायूंवरच्या प्रयोगांत थकलेल्या स्नायूत लॅक्टिक ॲसिड सापडलं होतं. स्नायूंच्या अभ्यासासाठी हिल आणि मायरहोफ यांना 1922 सालचं नोबेलही मिळालं. पण बेडकाच्या कापून काढलेल्या पायाला यकृत नसतं, हृदय नसतं. जिवंत शरीरात लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) रक्तातून यकृतात जातं आणि तिथे त्याची पुन्हा साखर होते. हे चक्र उलगडणाऱ्या कोरी दांपत्याला 1947 मध्ये नोबेल मिळालं. हृदयाचा स्नायू तर लॅक्टेट थेट इंधन म्हणून वापरतो. ज्याला विष म्हटलंय ते हृदयाचं खाणं आहे.

दुखण्याचा हिशेबही जुळत नाही. व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात लॅक्टेट पूर्वीच्या पातळीवर येतं, आणि अंग सगळ्यात जास्त दुखतं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पणजीत आल्तिनोची टेकडी चढताना धाप लागते, लॅक्टेट वाढतं ते तेव्हा. पण सवय नसताना तीच टेकडी चार-पाच वेळा उतरून बघा, मांड्या दुसऱ्या दिवशी उतरण्यानेच धरतील. उतरताना स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो. त्याच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते आणि दुरुस्ती सुरू होते. तेच काम आठवड्याने पुन्हा केलं तर दुखणं बरंच कमी असतं, कारण शरीराने तोवर तयारी केलेली असते. मला या विषयात सर्वांत जास्त भावतं ते हेच: झालेली इजा शरीर नुसती बुजवत नाही, पुढच्या खेपेसाठी मजबुतीही करतं.

रक्तदाबाचा मुद्दा मात्र मी झटकून टाकणार नाही. कॅनडात 1985 साली शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून दाब मोजला गेला होता. श्वास कोंडून, दोन्ही पायांनी जास्तीत जास्त वजन ढकलताना सरासरी 320/250 भरला. आकडा भीतिदायक आहे. पण तो काही क्षणांचा होता आणि वजन सोडताच उतरला. शिवाय आम्ही सभागृहात जी वजनं उचलतो ती त्या मापाची नव्हेत. श्वास कोंडायचा नाही, उचलताना सोडायचा, हा आमचा पहिला नियम याच कारणासाठी आहे. नियमित सराव करणाऱ्यांचा बसल्या जागचा दाब काही अंकांनी खालीच येतो. तरीही ज्यांचा दाब आटोक्यात नाही, ज्यांना नुकताच झटका आलाय, ज्यांना हर्निया आहे किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला इजा झालीय, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. संदेश एवढ्यावर थांबला असता तर मीच तो पुढे पाठवला असता.

सांधे झिजतात, हे लोकांना पटतं कारण ते सांध्याला गाडीच्या टायरसारखं धरतात. टायर स्वतःला दुरुस्त करत नाही. गुडघ्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीत, रक्तवाहिन्या नसतात. भार पडतो, सुटतो, पुन्हा पडतो, तेव्हा स्पंजासारखी ती सांध्यातला द्रव आत घेते आणि त्यातून तिला पोषण मिळतं. मांडीचा पुढचा स्नायू बळकट असेल तर गुडघ्यावरचा धक्का तो झेलतो. हाडांचंही तसंच. ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 स्त्रियांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष 2018 च्या सुमारास आले. एका गटाने जाणकारांच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास जड वजनं उचलली. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे 2.9 टक्के वाढली होती. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची 1.2 टक्के घटली. देखरेख हा शब्द यात महत्त्वाचा आहे. चुकीच्या पद्धतीने, हावरेपणाने वजन वाढवलं तर दुखापत होते.

पुरुषी शरीराचं भय बाळगू नये. स्त्रीच्या रक्तात टेस्टोस्टेरोन हे पुरुषी संप्रेरक पुरुषाच्या एक दशांशाहूनही कमी असतं. आमच्यातल्या कित्येकींचं उचलायचं वजन दोन महिन्यांत दुप्पट झालं, ब्लाउज मात्र तेच बसतात. सुरुवातीची ताकद मुख्यतः मज्जातंतूंची असते: मेंदू अधिक तंतूंना एकाच वेळी हाक द्यायला शिकतो. आणि स्नायूंची चरबी होत नाही. त्या दोन वेगळ्या पेशी आहेत. व्यायाम सुटला, जेवण तेवढंच राहिलं, तर एक घटतं आणि दुसरी वाढते.

राहिलं चालणं. चालणं उत्तमच, कुणी सोडू नये. पण आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं ते आपल्या गोव्यात, 26.4 टक्के. देशाचं 11.4. जेवणानंतर रक्तातली साखर सामावून घेणारं सर्वांत मोठं कोठार म्हणजे स्नायू, आणि तिशी-चाळिशीनंतर ते दर दशकात आक्रसत जातं. चालण्याने ही घट पुरेशी रोखली जात नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये चालण्यासारख्या व्यायामाच्या जोडीला आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला. वयाची सबबही टिकत नाही. बॉस्टनमध्ये 1990 साली नव्वदीच्या आसपासच्या, वृद्धाश्रमातल्या दहा जणांनी हा सराव सुरू केला. आठ आठवड्यांनी, तो पूर्ण करणाऱ्यांच्या पायांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली होती.

काकी, तुम्ही आलात तेव्हा आदोळीवरून (नारळ खोवायच्या विळीवरून) उठताना भिंतीचा आधार घेत होतात. चवथीला मी तुमच्याकडे आले, तेव्हा किसलेल्या सोयाचं, म्हणजे खोबऱ्याचं, ताट दोन्ही हातांत धरून तुम्ही सरळ उभ्या राहिलात, आणि ते तुमच्या लक्षातही आलं नाही. आता तीन आठवड्यांचा खंड पडलाय. मंगळवारी चार किलोंच्या ऐवजी तीन किलोंची डंबेल्स तुमच्या जागेवर काढून ठेवते.