मी निष्क्रिय नव्हते, मी मशीनवर उभी होते

गेल्या गुरुवारी रात्री साडेनऊला घरी पोहोचून फोन हातात घेतला, तर आमच्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘या महिन्यातील निष्क्रिय सदस्य’ अशा मथळ्याखाली १४ नावांची यादी लागलेली होती आणि तिच्यात तिसरे नाव माझे होते, शेजारी माझ्या कारखान्याच्या नावासह. खाली अ‍ॅडमिनने लिहिले होते की, व्यवसाय वाढवायचा असेल तर वेळ द्यावा लागतो, दिवसातून किमान पाच पोस्टना प्रतिसाद देणे हे प्रत्येक सदस्याचे कर्तव्य आहे आणि दोन मिनिटे तर सगळ्यांकडेच असतात. त्याखाली अंगठ्यांची रांग लागली होती. ज्यांना मी आजवर उधारीवर माल दिला आहे, अशा तिघांचे अंगठेही त्या रांगेत होते.

त्या दिवशी माझी दोन मिनिटे कुठे गेली ते मी सांगते. नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, भाड्याच्या गाळ्यात, माझे मिठाईची खोकी बनवण्याचे छोटे युनिट आहे. गणपती तोंडावर आले की मोदक-पेढ्यांच्या पाव किलोच्या खोक्यांची मागणी एकदम अंगावर येते. एका मिठाईवाल्यांची ८,००० खोकी गुरुवारी संध्याकाळी पोहोचवायचीच होती. सकाळी सातला पंचिंग, म्हणजे पुठ्ठ्याच्या (बोर्डाच्या) शीटमधून खोक्यांचे आकार कापणे, सुरू केले आणि पहिली वीस शीट निघाल्यावर लक्षात आले की, चार खोक्यांच्या डायमध्ये, म्हणजे पात्यांच्या साच्यात, एका खोक्याची घडी नीट पडत नाही आणि झाकण दुमडले की कोपऱ्यावर बोर्ड फाटतो आहे. डाय उतरवली, क्रीझची, म्हणजे घडीची रेघ पाडणारी, सैल झालेली पाती काढून नवी ठोकली, तिच्या कडेचा स्पंज बदलला, डाय पुन्हा चढवली आणि मागून कागदाच्या पट्ट्या लावत लावत दाब जुळवला. यात पावणेदोन तास गेले. तेवढा वेळ पेस्टिंगच्या, म्हणजे खोकी चिकटवण्याच्या, टेबलावर पाच बायका हात बांधून माझ्याकडे पाहत बसल्या होत्या. त्यांची मजुरी नगावर असते. माझा खोळंबा झाला की त्यांचा पैसा बुडतो. त्यांतल्या एक मावशी शेवटी उठल्या आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही मशीन बघा, आम्ही तोवर कालच्या खोक्यांचे गठ्ठे बांधतो.” त्या गठ्ठ्यांचे मजुरीत काही मिळत नाही, हे त्यांना माहीत होते.

आमचे पंचिंग मशीन हाताने शीट घालण्याचे आहे. त्याचा जबडा मिनिटाला साधारण वीस वेळा उघडतो आणि मिटतो. उघडला की कापलेली शीट एका हाताने काढायची आणि दुसऱ्या हाताने नवी शीट खुणेला टेकवून लावायची. तीन सेकंदांत दोन्ही हात आत जाऊन बाहेर आले पाहिजेत. या कामात बोटे गमावलेली माणसे आमच्या धंद्यात जागोजागी भेटतात. म्हणून माझ्या गाळ्यात मोबाइल मशीनजवळ आणायला सक्त मनाई आहे, आणि हा नियम मी कारागिराच्या आधी स्वतःला लावून घेतला आहे. फोन ऑफिसच्या कपाटात असतो. तो तिथे पडलेला असतो म्हणून मी निष्क्रिय ठरते, आणि दिवसभर गल्ल्यावर बसून प्रत्येक सुविचाराला ‘खूप छान’ लिहिणारा माणूस महिन्याचा ‘सक्रिय सदस्य’ ठरतो. त्याला प्रमाणपत्रही मिळते. मला या गोष्टीचा मनस्वी संताप आहे आणि तो मी अजिबात लपवणार नाही.

त्याच दिवशी सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी एका केटररने ग्रुपवर विचारले होते की, ६०० खोकी कोण देईल. त्याखाली २३ जणांनी ‘इंटरेस्टेड’ लिहिले. या २३ जणांत खोकी बनवणारे दोनच आहेत, हे मी खात्रीने सांगते, कारण आमच्या भागात हे काम करणारे सगळे मला ओळखतात आणि मी त्यांना. उरलेल्यांत विमा एजंट होते, वास्तुसल्लागार होते, सौर पॅनेलवाले होते आणि एक योगशिक्षकही होते. त्यानंतर कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या आणि चौकशी शेकडो मेसेजखाली गाडली गेली. रात्री ती सापडल्यावर मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गृहस्थांना फोन केला, तर ते कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, एवढे फोन आले की मी शेवटी बाजारातून तयार खोकी घेऊन टाकली.” काम माझे गेले ते गेलेच, पण त्या बिचाऱ्यालाही हवे ते मिळाले नाही. मग हा ग्रुप नेमका कुणाच्या उपयोगाचा आहे?

पूर्वी असे नव्हते. आम्ही सुरुवात केली तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ पेक्षा जास्त माणसे मावत नव्हती आणि त्यांतली निम्मी एकमेकांच्या गाळ्यावर जाऊन चहा प्यायलेली होती. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ही मर्यादा आधी ५१२ आणि मग १,०२४ केली, तेव्हा आमच्या अ‍ॅडमिनने तो स्वतःचाच विजय मानला आणि जो दिसेल त्याला आत घेतले. हजार माणसांनी रोज एकेकदा जरी ‘शुभ सकाळ’ म्हटले तरी हजार मेसेज होतात, हा साधा हिशेब कुणी केला नाही. आता त्यात पाच प्रतिसादांची सक्ती आली आहे. सगळ्यांनी ती पाळली तर दिवसाला पाच हजार प्रतिसाद होतील. ते वाचणार कोण, आणि त्यातून डाय मेकर, बोर्ड सप्लायर किंवा गिऱ्हाईक शोधणार कोण?

मला सर्वांत जास्त खंत वाटते ती २२ सप्टेंबर २०२५ या दिवसाची. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. आमच्या खोक्यांवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आणि ज्यापासून ती बनतात त्या बोर्डावरचा कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला. म्हणजे कच्च्या मालावर जास्त कर भरायचा, तयार मालावर कमी गोळा करायचा आणि मधला पैसा परताव्याची वाट पाहत अडकवून ठेवायचा. माझ्यासारख्या युनिटच्या खेळत्या भांडवलाला त्याने केवढा चिमटा बसला असेल, हे धंदा करणाऱ्याला सांगावे लागत नाही. मी ग्रुपवर विचारले की, परताव्याचा अर्ज कुणी भरला आहे का, कोणते कागद लागतात. त्याच दिवशी घटस्थापना होती. देवीच्या चित्रांचा जो पूर आला, त्यात माझा प्रश्न वाहून गेला. दुसऱ्या दिवशी मी तो पुन्हा टाकला, तर अ‍ॅडमिनने लिहिले की, ताई, हा विषय खूप टेक्निकल आहे, ग्रुपवर सकारात्मक वातावरण राहू द्या. उद्योजकांच्या ग्रुपवर कराचा प्रश्न विचारायचा नाही, तर काय विचारायचे? देवीची आरती माझ्याही घरी होते. तिच्यासाठी मला व्यावसायिक ग्रुप लागत नाही.

रविवारी सकाळी ऑनलाइन ओळखसत्र असते, त्याचाही मला राग आहे. आठवड्यातली ती एकच सकाळ मी मुलीजवळ बसते. प्रत्येकाने ६० सेकंद बोलायचे असते, पण ४० माणसांतली निम्मी तीन-तीन मिनिटे बोलतात आणि आपली पाळी येईपर्यंत तासभर जातो. मग ‘रेफरल’चा, म्हणजे एकमेकांना गिऱ्हाईक सुचवण्याचा, तगादा सुरू होतो. दर आठवड्याला एक तरी रेफरल द्या, म्हणून लोक कुणाचेही नंबर कुणालाही देतात, आणि मला एकदा लग्नासाठी हॉल शोधणाऱ्या माणसाचा नंबर ‘खोक्यांचा ग्राहक’ म्हणून मिळाला होता. सहा-सहा मिनिटांचे व्हॉइस मेसेज पाठवणाऱ्यांबद्दल तर मला बोलायचेच नाही. भाव दोन ओळींत लिहिता येतो.

एका मार्गदर्शकाच्या आग्रहावरून मी रीलही करून पाहिले. रोज एक रील टाकलेच पाहिजे, नाहीतर तुम्ही बाजारात दिसतच नाही, असे ते ठासून सांगत होते. ३० सेकंदांच्या त्या रीलसाठी मशीन बंद ठेवून अर्धा दिवस गेला आणि खोकी हातात धरून कॅमेऱ्याकडे पाहून हसण्यात माझा जीव गुदमरला. त्यावर ज्या चौकशा आल्या त्यांतली एक दहा खोक्यांची होती. दहा खोक्यांसाठी डाय चढवली तर बोर्डापेक्षा जुळवणीतच जास्त खर्च होतो. रोज रील करणारी माणसे मेहनती असतील, मी त्यांना नावे ठेवत नाही. पण तो त्यांचा धंदा आहे आणि माझा धंदा खोकी बनवणे हा आहे.

गेला महिनाभर मी जॉबच्या (कामांच्या नोंदीच्या) वहीत मागच्या पानावर रोज लिहून ठेवले की, सात ग्रुप, एक फेसबुक पान आणि इन्स्टाग्राम मिळून किती वेळ गेला आणि त्यातून काय आले. रोजचा सरासरी सव्वा तास गेला. महिन्यात दोन कामे आली आणि दोन्ही अशा माणसांकडून, ज्यांच्याशी मी आधी समोरासमोर बोललेले होते. त्याच महिन्यात तीन नवी गिऱ्हाइके आली ती खोक्याच्या तळाच्या पाकळीवर बारीक अक्षरांत छापलेला आमचा नंबर वाचून. एका बाईंनी तर पेढे संपल्यावर खोके उलटे करून नंबर वाचला होता आणि तेच रिकामे खोके हातात घेऊन त्या गाळ्यावर आल्या होत्या. “झाकण किती छान बसतंय,” असे त्या म्हणाल्या. तेवढ्यासाठीच मी गुरुवारी पावणेदोन तास घडी जुळवत होते.

फोन टाकून द्यावा असे मी म्हणत नाही. व्हॉट्सॲपचे बिझनेस ॲप २०१८ पासून आहे आणि मी ते रोज वापरते. कॅटलॉग, लेबले, आपण नसताना आपोआप जाणारा निरोप, या सगळ्यांनी माझे काम सोपे केले आहे. डायचे चित्र पाठवून गिऱ्हाइकाची मंजुरी दहा मिनिटांत घेता येते, हे केवढे सुख आहे. माझे भांडण आहे ते माणसाला हजेरीपटावर उभे करणाऱ्यांशी.

आणि आता त्या अ‍ॅडमिनबद्दल. त्यांच्या दुकानासाठी माझ्याकडून २,००० खोकी गेली आणि त्याचे बिल आज ११२ दिवस थकले आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ पासून कायदा आहे: लेखी करार नसेल तर पैसे १५ दिवसांत द्यायचे, करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे जायचे नाही आणि उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यायचे. मी दोनदा आठवण केली, दोन्ही वेळा हात जोडल्याचे चिन्ह आले. माझ्या पाच प्रतिसादांचा रोजचा हिशेब ठेवायला ज्यांना वेळ मिळतो, त्यांना एक बिल चुकते करायला ११२ दिवसांत वेळ मिळू नये?

शुक्रवारी मी सातपैकी पाच ग्रुप सोडले. २०२२ पासून गाजावाजा न करता बाहेर पडता येते, पण या एका ग्रुपवर मी कारण लिहून मगच बाहेर पडले. उरलेले दोन ग्रुप डबा खाऊन झाला की दीड ते दोन या वेळात पाहीन. त्यांत बोर्डाचे भाव आणि डाय दुरुस्त करणाऱ्यांचे नंबर खरोखर मिळतात. ज्यांना खोकी हवी आहेत त्यांनी फोन करावा. मशीन बंद झाले की मी प्रत्येकाला उलट फोन करते, आजवर एकही चुकवलेला नाही. अ‍ॅडमिनना मी तिसरे स्मरणपत्र पाठवले आहे, या वेळी व्हॉट्सॲपवर न पाठवता स्पीड पोस्टाने, व्याजाच्या आकड्यासह. त्याची पोचपावती आली की ती जॉबच्या वहीला लावून ठेवणार आहे.